भुताला डोळे, शार्कला पाय

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर सांगाल. तुम्ही बडोद्यात, कारेलीबागेत राहता. मुलगा तेरा वर्षांचा. सुट्टी लागल्यापासून तो शार्कचे सिनेमे एकामागून एक बघतोय. भुताखेतांचे नकोत, खूनखराब्याचे नकोत, फक्त शार्कचे. त्यातले निम्मे टुकार आहेत हे तुम्हाला कळतं, पण त्याच्या शेजारी टेकलात की तुम्हालाही उठवत नाही. घरात कोणी कधी जिवंत शार्क पाहिलेला नाही, मग ही ओढ कसली, असं तुम्ही विचारता. आणि शेवटी जाता जाता एक ओळ टाकली आहे: पोहण्याच्या क्लासला तो हल्ली खोल बाजूला जात नाही.

त्या शेवटच्या ओळीमुळे उत्तर लिहायला बसलो. तुमचे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत, असं मला वाटतं.

मी समीक्षक वगैरे नाही. बडोद्यातल्या एका टॉकीजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होतो. टॉकीज बंद झाल्यावर दांडिया बाजारातल्या एका हॉलमध्ये महिन्यातून एकदा सिनेमा दाखवतो, चाळीसेक माणसं येतात. म्हणजे सिनेमा मी जितका पाहिला, त्याहून जास्त सिनेमा बघणारी माणसं पाहिली, तीही पाठीमागून.

आणखी एक आधीच सांगतो. कोणाला किती भीती वाटेल हे पुष्कळ गोष्टींवर ठरतं. अंधारात चारशे माणसांबरोबर पाहिलेला शार्क वेगळा आणि बोटानं मधेच थांबवता येणारा फोनवरचा शार्क वेगळा. पोहता येणाऱ्याला तो एक लागतो, न येणाऱ्याला दुसरा. आमच्या घरातलंच बघा. बायको मालवणची. तिच्या माहेरी मोरीचं मटण करतात, आणि मोरी म्हणजे शार्कच. मी कौतुकानं तिला एक सिनेमा दाखवला, तर अर्ध्या तासात म्हणाली, "ज्याला आम्ही हळद लावून ठेवतो, त्याला काय घाबरायचं?" आणि भाजी निवडायला बसली. तेव्हा पुढचं सगळं मोरी न खाणाऱ्यांना लागू आहे असं धरा.

आता केबिनमधलं. केबिनच्या भिंतीला काच लावलेली भोकं असतात. एकातून प्रकाश पडद्याकडे जातो, दुसऱ्यातून ऑपरेटर बघतो. तिथून प्रेक्षकांची फक्त डोकी दिसतात. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे रविवारी सकाळच्या खेळाला इंग्रजी सिनेमे लागायचे, जुन्या, फिरून फिरून घासलेल्या प्रिंट. स्टीव्हन स्पिलबर्गचा 'जॉज' असाच आला. सिनेमा १९७५चा, पण आमच्यापर्यंत सगळं उशिराच यायचं. भुताच्या सिनेमात डोकी खाली जातात, हे मला माहीत होतं. माणूस डोळ्यांवर हात घेतो, शेजारच्याच्या खांद्यामागे लपतो. या सिनेमात उलटं झालं. एक बाई रात्री एकटीच पोहायला जाते, त्या पहिल्याच प्रसंगात स्टॉलमधली डोकी चार बोटं वर आली. मला कळेना. मध्यंतरात डोअरकीपरला विचारलं, तर तो हसत सुटला. म्हणाला, सगळे पाय वर घेऊन मांडी घालून बसलेत. पुढच्या आठवड्यात तर स्टॉलमधून आरोळीच यायला लागली, "अल्या, पग उपर लई ले!"

भुताला डोळे झाकतात आणि शार्कला पाय उचलतात. एकतीस वर्षांत शिकलेली ही एक गोष्ट मी खात्रीनं सांगतो, कारण नंतर प्रत्येक शार्कपटाला तेच पाहिलं. खाली टॉकीजची फरशी होती, शेंगांची टरफलं होती, पाण्याचा थेंब नव्हता. तरी पाय वर.

यातच तुमचं उत्तर आहे. भूत कुठूनही येतं, म्हणून त्याची भीती पसरट असते. शार्क एकाच दिशेनं येतो, खालून. पाण्यात माणसाचं डोकं उजेडात असतं, श्वास चालू असतो, किनाऱ्यावरची माणसं दिसत असतात, आणि कमरेखालचं अर्धं शरीर दुसऱ्याच राज्यात लोंबकळत असतं. त्या अर्ध्यावर आपली नजर चालत नाही. पाण्याचा पृष्ठभाग हाच या सिनेमांचा खरा पडदा आहे. नाटकवाल्याला पडदा शिवून घ्यावा लागतो, इथे तो फुकट मिळाला आहे. कॅमेरा पाण्याच्या रेषेवर आणून ठेवला, लाट काचेवर आपटू दिली, की प्रेक्षक आपोआप पाण्यात उतरतो. 'जॉज'मध्ये हे पुन्हा पुन्हा केलं आहे.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. रीळ उलटं गुंडाळताना एका ठिकाणी फिल्मच्या कडेची भोकं फाटली. फाटलेला तुकडा कापून जोड मारला, दुसरा इलाज नव्हता. फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते. मी कापली तीन फूट, म्हणजे दोन सेकंद. पण ती दोन सेकंदं नेमकी जिथे पोलीसप्रमुख बोटीच्या मागच्या टोकाला मासळीचा घाण चारा पाण्यात टाकत असतो आणि शार्क प्रथमच तोंड वर काढतो, तिथली होती. आता आपल्याला ओरडा बसणार, असं धरून मी खेळ लावला. झालं असं की शार्क दिसतोय न दिसतोय तोच गायब, आणि थेटरात अशी किंकाळी उठली की मॅनेजर जिना चढून वर आला. काही वर्षांनी त्याच सिनेमाची अखंड प्रिंट चालवली. त्या जागी लोक दचकले, पण ती किंकाळी नाही आली.

नंतर वाचलं की जे माझ्या कात्रीनं चुकून केलं, तेच तिथे खाऱ्या पाण्यानं केलं होतं. यंत्राचा शार्क बनवला, त्याला गमतीनं ब्रूस नाव दिलं, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर खऱ्या समुद्रात उतरवला. समुद्रात तो सारखा बंद पडायचा. ५५ दिवसांचं चित्रीकरण १५९ दिवसांवर गेलं, खर्च दुपटीच्या वर. नाइलाजानं दिग्दर्शकानं शार्क न दाखवता शार्क दाखवायला सुरुवात केली. तुटलेला धक्का माणसाला ओढत नेतो, पिवळी पिंपं पाण्यावर धावतात, सुकाणूच्या मागे पाणी फुगतं. सिनेमा १२४ मिनिटांचा आहे आणि शार्कचं तोंड नीट दिसायला ऐंशी मिनिटं जातात. माझ्या हिशेबात सात हजार फुटांहून जास्त फिल्म. तोवर जे आहे ते सगळं प्रेक्षकानं स्वतःच बनवलेलं. संकलक व्हर्ना फील्ड्स हिला ऑस्कर मिळालं, ते अगदी योग्य. कुठे कापायचं हे कळणं म्हणजे काय, हे तीन फूट गमावल्यावर मला समजलं होतं.

संगीताबद्दल सगळे बोलतात, जॉन विल्यम्सचे ते दोन सूर. आमच्या टॉकीजच्या म्हाताऱ्या स्पीकरमधून ते सुरांसारखे यायचेच नाहीत, खुर्चीच्या लाकडातून थरथर यायची. पण त्यातली खरी करामत लोकांच्या लक्षात येत नाही. दोन पोरं पुठ्ठ्याचा शार्कचा पर लावून पोहणाऱ्यांना घाबरवतात, तिथे ते सूर वाजत नाहीत. म्हणजे सिनेमानं प्रेक्षकाशी करार केला: सूर आले तर शार्क खरा. करार पाळतोय असं वाटायला लागलं, की मग चाऱ्याच्या प्रसंगात सूर न वाजवताच शार्क बाहेर काढला. आधी विश्वास बसवल्याशिवाय असा विश्वासघात करता येत नाही. हल्लीचे सिनेमे दर पाच मिनिटांनी ढॅण करतात आणि प्रेक्षक तिसऱ्या ढॅणला फोन काढतो.

तुमच्या दुसऱ्या शंकेकडे येतो, टुकार असूनही उठवत का नाही. याला माझ्याकडे ऑपरेटरचं साधं उत्तर आहे: भाषा लागत नाही. आमच्या सकाळच्या खेळाला इंग्रजी समजणारे शंभरात दहा असतील. इंग्रजी प्रेमकथा लावली की मध्यंतरानंतर निम्मं थेटर रिकामं. शार्क लावला की रिक्षावाला आणि कॉलेजचा प्रोफेसर दोघांना सारखंच कळायचं. शार्कला बदला घ्यायचा नसतो, त्याचं बालपण दुःखात गेलेलं नसतं, त्याला संवाद नसतात. भूक आहे, पाणी आहे, पोहणारा आहे, किनारा अमुक इतका लांब आहे. लहान पोरालाही पहिल्या दहा मिनिटांत नियम कळतात आणि मग तो स्वतः हिशेब करत बसतो: आत्ता निघाला तर पोचेल का? क्रिकेटच्या शेवटच्या षटकासारखं. सामना रटाळ असला तरी शेवटच्या षटकाला कोणी उठतं का?

'जॉज'मधल्या त्या महापौराला मात्र भाषेची गरजच पडली नाही. नांगरांच्या नक्षीचा कोट घालून फिरणारा, हंगाम बुडेल म्हणून किनारा बंद करू न देणारा. त्याचं एक वाक्य न समजता स्टॉलमधून त्याला अस्सल बडोदी शिव्या पडायच्या. आपल्या लोकांनी त्याला लगेच ओळखला होता.

सगळेच शार्कपट सारखे चालत नाहीत, हेही सांगायला हवं. धर्मेंद्र-हेमा मालिनीचा 'आतंक' १९९६ साली आला, त्यातला शार्क दिसला की आमच्याकडे शिट्ट्या पडायच्या. 'डीप ब्लू सी' (१९९९) मला आवडतो. त्यात एक मोठा नट सगळ्यांना धीर देणारं भाषण ठोकत असतो आणि भाषण संपायच्या आतच जातो. तो प्रसंग लिहिणाऱ्याला मुख्य नट कधी मरत नाही हा प्रेक्षकाचा हिशेब पक्का ठाऊक होता. 'ओपन वॉटर' (२००३) हा त्याच्या अगदी उलट्या टोकाचा. नवरा-बायको समुद्रात बुडी मारायला जातात, बोटवाल्यांची मोजणी चुकते, बोट निघून जाते. १९९८ साली ऑस्ट्रेलियात खरोखर घडलेल्या एका प्रकारावरून तो सुचला. त्यातले शार्क खरे आहेत आणि सिनेमाभर दोन डोकी पाण्यावर, बस. आमच्या हॉलमध्ये दाखवला तेव्हा संपल्यावर पाच मिनिटं कोणी चपला शोधल्या नाहीत. उलट 'द मेग' (२०१८) मला अजिबात लागला नाही. 'जॉज'मधला शार्क पंचवीस फुटांचा. इथे प्राणी इतका अवाढव्य केला की तो आगगाडीसारखा वाटतो, आणि आगगाडीला कोणी पाय वर घेत नाही, बाजूला होतो. 'शार्कनेडो' वगैरे मंडळी शार्क वादळातून आकाशातून पाडतात. ती थट्टा आहे, मित्रांबरोबर हसायला ठीक. पण शार्क पाण्याबाहेर काढला की भीती संपली, हे तिथे आयतं सिद्ध होतं.

मोठ्यांसाठी 'जॉज'मधला सगळ्यात भयंकर भाग वेगळाच आहे, आणि त्यात शार्क नाही. रात्री बोटीत तिघे दारू पीत बसलेत आणि म्हातारा शार्कमार इंडियानापोलिस या युद्धनौकेची हकिकत सांगतो. ही नौका खरी. ३० जुलै १९४५ला जपानी पाणबुडीनं ती बुडवली, सुमारे बाराशे माणसांपैकी वाचली ३१६. पाण्यात चार-पाच दिवस काढलेली, भोवती शार्क. आमच्या सकाळच्या खेळाला या प्रसंगात लोक चहाला उठायचे आणि मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं त्यांच्यावर खेकसायची. बोलणारा माणूस आणि बाहेर काळं पाणी, एवढ्यावर तो प्रसंग उभा आहे.

आता बडोद्याचं. तुम्ही लिहिलंत की आपल्याला या भीतीशी काय देणंघेणं. अहो, भरवस्तीतून मगरींची नदी वाहणारं शहर आपलं! काळा घोड्याजवळच्या पुलावर संध्याकाळी उभे राहा. खाली विश्वामित्रीच्या काठावर मगर लाकडाच्या ओंडक्यासारखी पडलेली असते, वर माणसं शेंगा खात एकमेकांना दाखवत असतात, "ती बघ, त्या झुडपापाशी." कोणी घाबरत नाही, कारण ती दिसते आहे. आणि ऑगस्ट २०२४चा पूर आठवा. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट, पाणी गेलं होतं ३५ च्या वर. वस्त्यांतून, रस्त्यांवरून मगरी पकडून न्याव्या लागल्या. आमच्या जिन्याच्या तीन पायऱ्या पाण्यात होत्या. दूध आणायला मी गुडघाभर पाण्यातून पन्नास पावलं चाललो. त्या पन्नास पावलांत मला मगर कुठेच दिसली नाही, आणि जन्मात इतका घाबरलो नाही. पाणी चहासारखं. पायाला काहीतरी लागलं. प्लॅस्टिकची पिशवी निघाली.

तुमचा मुलगा तेव्हा अकराएक वर्षांचा असणार. त्यानं ते पाणी पाहिलं असेल, गॅलरीतून का होईना, आणि घरातल्यांची बोलणी ऐकली असतील. मी मानसतज्ज्ञ नाही, पण मला विचाराल तर तो शार्क बघत नाहीये. तो ते पाणी पुन्हा पुन्हा बघतोय, सोफ्यावर सुरक्षित बसून, आणि प्रत्येक वेळी नव्वद मिनिटांनी बाहेर येतोय. त्यात मला काळजीचं काही दिसत नाही.

मात्र एक उणीव भरून काढा. या सिनेमांनी खऱ्या शार्कचं वाटोळं करायला हातभार लावला आहे. ज्यांच्या कादंबरीवरून 'जॉज' निघाला, त्या पीटर बेंचली यांनी पुढे शार्क वाचवण्याच्या कामाला वाहून घेतलं, शार्कच्या या बदनामीची त्यांना खंत होती. जगभरात माणसानं न डिवचता शार्क चावण्याचे प्रकार वर्षाला साधारण सत्तरच्या आसपास, आणि मृत्यू बहुतेक वर्षी एक आकडी. माणूस मारतो ते शार्क, एका अंदाजानं, वर्षाला दहा कोटींच्या घरात. मुलाला हे आकडे सांगा, तेरा वर्षांच्या पोरांना आकडे आवडतात.

आणि एक गोष्ट आपल्या गुजरातची सांगा. वेरावळच्या किनाऱ्याला व्हेल शार्क येतो, जगातला सर्वांत मोठा मासा. खातो काय, तर पाण्यात तरंगणारे बारीक जीव. आपले मच्छीमार त्याला 'बॅरल' म्हणायचे. का, तर त्याला गळ मारून दोराला पिंपं बांधत, म्हणजे तो खोल जाऊ शकत नसे आणि दमून वर यायचा. 'जॉज'मधली पिवळी पिंपं आठवली ना? अगदी तीच युक्ती. सिनेमात ती पिंपं पाहून आपण त्या तिघांसाठी जीव मुठीत धरतो. वेरावळला पिंपाच्या दुसऱ्या टोकाला एक गरीब मासा असायचा. माइक पांडे यांनी त्या शिकारीवर 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा माहितीपट केला, २००० साली. पाठोपाठ २००१ मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं. पुढे रामकथाकार मोरारीबापूंनी त्याला 'व्हाली', म्हणजे लाडकी, म्हटलं, माहेरपणाला येणारी लेक. त्यानंतर कित्येक मच्छीमारांनी जाळ्यात अडकलेले व्हेल शार्क आपली जाळी कापून सोडले आहेत. हा माहितीपट आमच्या हॉलमध्ये 'जॉज'च्या दुसऱ्या दिवशी दाखवला होता. आदल्या दिवशी पाय वर घेतलेलीच मंडळी या वेळी नाक पुसत होती.

आता करायचं काय ते. 'जॉज' त्यानं पाहिला नसेल तर तुम्ही सोबत बसून दाखवा. पहिला प्रसंग आणि हवेच्या गादीवर तरंगणाऱ्या मुलाचा प्रसंग कठीण आहेत, आधी सांगून ठेवा. दिवे बंद, फोन दुसऱ्या खोलीत, मध्ये थांबवायचं नाही. रात्री नको, दुपारी पडदे ओढून दाखवा, म्हणजे संपल्यावर पडदा सरकवला की बाहेर ऊन असेल. आमच्या सकाळच्या खेळांचा हा फायदा होता, माणूस थेट उन्हात बाहेर पडायचा. टुकार सिनेमांना हरकत घेऊ नका. फक्त संपल्यावर विचारा, शार्क कितव्या मिनिटाला दिसला? दोन-चार सिनेमांनंतर तो स्वतःच घड्याळ लावून बसेल, आणि कोणता सिनेमा चांगला हे तुम्हाला सांगायला लागेल.

पोहण्याचं म्हणाल, तर त्याला दटावू नका आणि "इथे कुठे आलाय शार्क" असंही म्हणू नका. शार्क नाही हे त्याला माहीत आहे. स्टॉलमधल्या चारशे जणांनाही खाली फरशी आहे हे माहीत होतंच. पोहण्याचा चांगला गॉगल घेऊन द्या, घट्ट बसणारा, पाणी न शिरणारा. शिक्षकांच्या परवानगीनं त्याला खोल बाजूच्या काठाला धरून फक्त तोंड पाण्यात घालू द्या, पोहायचं नाही, नुसतं खाली बघायचं. टाइल्स दिसतील, जाळी दिसेल, कोणाची तरी पडलेली केसांची क्लिप दिसेल. माझ्या नातीच्या बाबतीत हे तीन दिवसांत जमलं, तिची भीतीही सिनेमातूनच आली होती. तुमच्याकडे आठवडा लागेल, कदाचित जास्त, पोराच्या स्वभावावर आहे. दोन आठवड्यांतही पाण्याजवळ जायला तयार नसेल, किंवा झोपेत दचकत असेल, तर मात्र सिनेमे थांबवा आणि डॉक्टरांशी बोला. मग ते ऑपरेटरच्या आवाक्यातलं नाही.

आणि 'जॉज' लावाल तेव्हा पडद्याकडे कमी बघा. तुमचे आणि त्याचे पाय कुठे होते, तेवढं मला कळवा.